केस गळतात? तेल नंतर, आधी रक्त तपासा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे विषय नेहमीचेच. पण सर्वांत जास्त पत्रे कोणत्या तक्रारीची, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे : केस गळणे. लिहिणाऱ्यांत कॉलेजात जाणाऱ्या मुली असतात, बाळंतपण होऊन चार महिने झालेल्या सुना असतात, लग्नाळू मुले असतात आणि साठी ओलांडलेल्या आजीबाईही असतात. पूर्वी बहुतेकांचा प्रश्न असे, "डॉक्टर, कोणते तेल लावू?" अलीकडे त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, "व्हिटॅमिनची कोणती गोळी घेऊ?"

या दोन्ही प्रश्नांच्या आधी तिसरा प्रश्न विचारायला हवा. केस गळतात ते कशामुळे? जीवनसत्त्वे आणि क्षार कमी पडले की केस गळतात, हे खरे आहे. पण कोणते कमी पडले आणि का कमी पडले, हे न पाहता गोळ्या घेणे म्हणजे घरात पाणी कोठून गळते ते न पाहता फरशी पुसत बसण्यासारखे आहे. आज त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

केस वाढतो कसा आणि गळतो कसा

आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका बारीक खड्ड्यात रुजलेला असतो. त्याला केशकूप म्हणतात. केसाच्या वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो. या काळात तो महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. मग २-३ आठवड्यांचा एक छोटा टप्पा येतो आणि त्यानंतर सुमारे ३ महिने केस विश्रांती घेतो. विश्रांती संपली की तो गळतो आणि त्याच जागी नवा केस उगवतो. म्हणजे रोज काही केस गळणे हा निसर्गाचा नियम आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळाले तर घाबरू नये. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईला न्हाण्याच्या दिवशी गुंता मोठा दिसतो, कारण आठ दिवसांचे सुटलेले केस एकदम निघतात.

पुष्कळ जण गळालेला केस कागदात बांधून आणतात आणि त्याच्या टोकाचा पांढरा ठिपका दाखवून म्हणतात, "डॉक्टर, मुळासकट निघालाय बघा." तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपवून गळालेल्या प्रत्येक केसाला असा ठिपका असतोच. खरे मूळ त्वचेत शाबूत असते आणि तेथूनच पुन्हा केस येतो.

आता या चक्रातला एक महत्त्वाचा मुद्दा ध्यानात घ्या. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या काळातले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि सुमारे २-३ महिन्यांनी एकदम गळू लागतात. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, घरातला मृत्यू, झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, ही त्याची नेहमीची कारणे. २०२० आणि २०२१ या वर्षांत कोविडमधून बरे झालेल्या कितीतरी जणांचे केस असेच गळाले. म्हणून केस गळण्याची तक्रार घेऊन कोणी आले की मी विचारतो, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते. बाळ हसायला लागले की आईचे केस गळतात, असे घरातल्या म्हाताऱ्या सांगतात. बाळाच्या हसण्याचा त्यात दोष नाही, पण हिशेब बरोबर आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुधा पूर्ववत होतात.

असे गळणे आपोआप थांबते. पण चार-सहा महिने झाले तरी थांबत नसेल, तर शरीरात काहीतरी कमी पडत आहे का ते पाहावे लागते.

टंचाईत पहिली कात्री केसांना

केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना प्रथिने, लोह, जस्त आणि निरनिराळी जीवनसत्त्वे सतत लागतात. पण केसांवाचून माणूस मरत नाही, हे शरीराला ठाऊक असते. दुष्काळी वर्षात टँकर येऊ लागला की आपण आधी पिण्याचे पाणी राखतो, मग जनावरांचे. अंगणातल्या फुलझाडांचे पाणी सर्वांत आधी तुटते. शरीरही तसेच करते. हृदय, मेंदू, रक्त यांना आधी पुरवठा होतो आणि कात्री लागते ती केसांना. म्हणून केस गळणे ही पुष्कळदा टंचाईची पहिली खूण असते.

सर्वांत मोठी टंचाई लोहाची

आपल्याकडे केसांच्या तक्रारीमागे दडलेली सर्वांत मोठी कमतरता लोहाची आहे. लोह हे जीवनसत्त्व नव्हे, तो क्षार आहे. पण दुकानात मात्र सगळेच "व्हिटॅमिन" या नावाखाली विकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांत रक्त कमी आढळले. महाराष्ट्राचा आकडा ५४ होता. म्हणजे बसस्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला पंडुरोग आहे असे समजावे. पंडुरोगाची कारणे अनेक असली तरी लोह कमी पडणे हे त्यातले प्रमुख.

पाळी येणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, असे आपल्या आयसीएमआर या संस्थेचे २०२० चे प्रमाण आहे. पुरुषाला १९ पुरते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या घरात ताट वाढताना उलटा हिशेब चालतो. पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी, बाई शेवटी. उसळीचा रस्सा उरलेला असतो, उसळ संपलेली असते.

गेल्या वर्षी एक बाई दवाखान्यात आल्या. वय एकोणचाळीस. घरचे काम, शेतातले काम, दोन मुले, सासू-सासरे. तक्रार फक्त केसांची.

"डोकं धुतलं की मोरी तुंबते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "वेणी बघा, उंदराच्या शेपटीएवढी राहिली."

आठ महिन्यांत तीन तेले झाली होती. कोणाच्या सांगण्यावरून कांद्याचा रस झाला होता आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॅप्सूलच्या दोन डब्या संपल्या होत्या. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. जीभ गुळगुळीत झाली होती. नखे चपटी, कडेला ठिसूळ.

"कळशी घेऊन पायऱ्या चढताना दम लागतो का, ताई?"

"लागतो की. पण चाळिशी आली, म्हटलं चालायचंच."

"पाळी किती दिवस असते?"

त्या जरा थांबल्या. आमच्या सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा बोलल्या, "आठ-नऊ दिवस अंगावरून जातं. पहिले चार दिवस तर घराबाहेर पडायची सोय नाही. दोन वर्षं झाली. पण बाईच्या जातीला हे असायचंच ना?"

"आणि खडू, माती, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं?"

आता त्या हसल्या. "तांदूळ निवडताना मूठभर तोंडात जातात. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणी सांगायची गरज नसते. लोह फार कमी झाले की कच्चे तांदूळ, भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल असे काहीबाही खाण्याची ओढ लागते. शाळेतली मुलगी पेन्सिल खाते म्हणून तिला रागावण्याआधी तिचे रक्त तपासावे.

बाईंचे हिमोग्लोबिन ६.२ निघाले. ते १२ च्या वर हवे. साठ्यातले लोह दाखवणारी फेरिटिन नावाची तपासणी असते. तिचा आकडा ४ होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. ती कर्करोगाची नव्हती, पण दर महिन्याला त्यांचे रक्त तीच वाहून नेत होती. इतके कमी रक्त असताना एखादा मोठा ताप किंवा अपघात झाला असता तर हृदयाला ते झेपले नसते. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. आधी शिरेतून लोह देण्यात आले, मग गाठीचा इलाज झाला, मग गोळ्या चालू राहिल्या. दम दीड महिन्यात गेला. केस गळणे तीन-चार महिन्यांनी कमी झाले आणि सातव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस उभे राहिलेले दिसले.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की दम लागतो म्हणून या बाई कधीच दवाखान्यात आल्या नसत्या. पाळी जास्त जाते म्हणून तर नाहीच नाही. आपल्या घरातल्या बायका दमणूक अंगावर काढतात, चक्कर अंगावर काढतात. केस मात्र आरशात दिसतात, चारचौघीत दिसतात. म्हणून घरातल्या कोणी "माझे केस गळतात" असे म्हटले तर ते नटण्यामुरडण्याचे खूळ म्हणून उडवून लावू नका. त्या निमित्ताने एकदा रक्त तपासून घ्या.

एक गोष्ट पुरुषांसाठी. पुरुषाला पाळी नसते. त्यामुळे पुरुषाच्या अंगात लोह कमी निघाले तर रक्त कोठून तरी जात आहे असे समजून शोध घ्यावा लागतो. मूळव्याध, पोटातला व्रण, जंत, क्वचित आतड्याचा कर्करोग. पन्नाशीनंतर तर हा शोध टाळू नये. साठीच्या आजीबाईंनाही हाच नियम लागू आहे.

ब-१२, ड जीवनसत्त्व, जस्त आणि प्रथिने

ब-१२ हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून मिळते. धान्यातून आणि पालेभाजीतून मिळत नाही. त्यामुळे माळकरी आणि शुद्ध शाकाहारी घरांत, दूधही बेताचेच असेल तर, ते कमी पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या कायम खाणाऱ्यांतही ते घटते. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. केस अकाली पांढरे होण्याशी त्याचा संबंध दिसतो. केस गळण्याशी संबंध लोहाइतका स्पष्ट नाही. तरी ब-१२ कमी असेल तर ते भरून काढलेच पाहिजे. केसांसाठी नव्हे, नसांसाठी. नसांना झालेली इजा जुनी झाली की पूर्ण भरून येत नाही.

ड जीवनसत्त्व उन्हामुळे त्वचेत तयार होते. आपल्या जिल्ह्यात ऊन कमी नाही; पण दिवसभर दुकानात, कार्यालयात किंवा घरात बसणाऱ्याला ते लागत नाही. केस गळणाऱ्या पुष्कळ रुग्णांत हे जीवनसत्त्व कमी आढळते. मात्र ते दिल्याने केस हमखास परत येतात, असे छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही. हाडे-स्नायूंसाठी ते हवेच. मात्र ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठराविक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीला बरे वाटले म्हणून स्वतः वर्षभर घेत राहू नये. जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते.

जस्त, म्हणजे औषधाच्या दुकानातले झिंक, फार दिवस जुलाब असणाऱ्यांत, दारूच्या व्यसनात आणि वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कमी होते. त्यात केस विरळ होतात, तोंडाभोवती चट्टे येतात, जखमा लवकर भरत नाहीत.

आणि प्रथिने. केस हा मुळात प्रथिनाचाच बनलेला असतो. पोटभर जेवूनही प्रथिने कमी पडू शकतात, कारण आपले पोट भात-भाकरीने भरते आणि डाळ पातळ असते. कुपोषित मुलांच्या केसांवर याची खूण डोळ्यांना दिसते. खाणे मिळाले तेव्हा वाढलेला केस काळा आणि उपासमारीच्या दिवसांत वाढलेला तांबूस, असे एकाच केसावर पट्टे पडतात. अशा केसाचे मूल पाहिले की त्याला तेल नको असते, जेवण हवे असते. हल्ली शहराच्या नादाने दिवसाला एक सफरचंद आणि काकडीवर राहणाऱ्या मुलीही मी पाहतो. महिन्यात आठ किलो वजन उतरते आणि तीन महिन्यांनी केसही उतरतात.

बायोटिनचा बोलबाला

सध्या केसांच्या गोळ्यांच्या जाहिरातींत बायोटिन हे नाव फार दिसते. हे ब गटातले जीवनसत्त्व आहे. ते खरोखर कमी पडले तर केस गळतात, यात शंका नाही. पण ते कमी पडतेच क्वचित. अंडी, शेंगदाणे, डाळी, दूध यांतून ते पुरेसे मिळते. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक महिनोन्‌महिने पिणाऱ्या पहिलवानाला, फिट्सच्या काही औषधांवर असलेल्यांना किंवा जन्मजात दोष असलेल्या बालकांना त्याची खरी उणीव होते. बाकीच्यांनी हजारो मायक्रोग्रॅमच्या गोळ्या खाऊन केस वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

शिवाय त्यात एक धोका आहे. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात. थायरॉइड नसताना असल्यासारखा दिसतो आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी "नॉर्मल" येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपण बायोटिन घेत असाल तर कोणत्याही तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना सांगा.

कमी वाईट, तसे जास्तही वाईट

"व्हिटॅमिनच आहे, घेतलं तर बिघडतं कुठं?" असे पुष्कळ जण विचारतात. बिघडते. अ जीवनसत्त्व जास्त झाले तर त्यानेच केस गळतात. सेलेनियम या क्षाराचेही तसेच आहे. शरीराला तो दिवसाला ४०-५० मायक्रोग्रॅम एवढाच लागतो. त्याच्या कितीतरी पट पोटात जाऊ लागला की केस आणि नखे गळतात.

याचे उदाहरण लांबचे नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे हवालदिल झाली होती. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येऊ लागणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, शाळेतली मुले कोणीही सुटले नाही. लोकांना वाटले पाणी खराब आहे, कोणी शाम्पूला दोष दिला, कोणाला साथीचा रोग वाटला. आयसीएमआरची पथके येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने गोळा करून तपासून घेतले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त घटलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले आणि रेशनवर आलेल्या गव्हाकडे बोट दाखवले. पुढे काहींची नखेही गळाल्याच्या बातम्या आल्या.

त्या दिवसांत एखाद्याने केस गळतात म्हणून दुकानातून सेलेनियम असलेली बहुजीवनसत्त्वाची गोळी आणून खाल्ली असती, तर काय झाले असते याचा विचार करा. केस गळण्याच्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते. म्हणूनच आधी कारण, मग औषध.

प्रत्येक टक्कल कमतरतेचे नसते

पोलीस भरतीची तयारी करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण महिन्याला दीड हजार रुपये केसांच्या गोळ्यांवर घालवत होता. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेले, माथा विरळ. "वडिलांचे केस कसे आहेत?" असे विचारले तर तो म्हणाला, "त्यांना नाहीतच." त्याचे रक्त १४.८ होते, खाणे उत्तम होते. हे आनुवंशिक टक्कल. त्याचा जीवनसत्त्वाशी संबंध नाही. त्यावर वेगळी औषधे आहेत, ती लवकर सुरू केली तर उपयोग होतो आणि ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गोळ्यांचे पैसे त्याने दूध-अंड्यांवर आणि बुटांवर घालावेत, एवढेच मी त्याला सांगितले.

त्याशिवाय थायरॉइडचा विकार, बायकांत पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येण्याचा विकार, गोल चकत्या पडणारी चाई, डोक्यातला नायटा, घट्ट ओढून बांधलेल्या वेण्या, काही औषधे, ही कारणेही पाहावी लागतात. चाई किड्याने खाल्ल्यामुळे पडते असा समज आहे, तो चूक आहे. त्यावर बिब्बा लावून डोके भाजून घेतलेले रुग्णही माझ्याकडे येतात. तसे मुळीच करू नये.

काय तपासावे, काय खावे

सामान्य माणसाला सुरुवातीला पुढील तपासण्या पुरतात : हिमोग्लोबिनसह रक्ताची संपूर्ण तपासणी, फेरिटिन आणि थायरॉइड. शाकाहारी असाल किंवा मुंग्या येत असतील तर ब-१२. बाकीच्या महागड्या "हेअर पॅकेज" तपासण्यांची सुरुवातीला गरज नसते. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला आहे असे समजावे. केसांच्या बाबतीत तो किती असावा यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण ३० च्या वर असावा असे बरेच जण मानतात. अंगात ताप किंवा सूज असताना हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

लोहाची गोळी महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी हीच. पोट बिघडते म्हणून मुली ती दप्तरात ठेवतात किंवा खिडकीतून टाकतात. मातांनी एवढे करावे की जेवणानंतर ती समोर घ्यायला लावावी. गोळीने शौचास काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हिमोग्लोबिन भरले की गोळी लगेच बंद करू नये. साठा भरण्यासाठी पुढे आणखी तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

आहाराचे नियम सोपे आहेत :

१) बाजरीची भाकरी, राजगिरा, अळीव, तीळ, चवळीची आणि माठाची भाजी, मोडाची मटकी, हरभरे यांतून लोह मिळते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली पद्धत चांगली आहे; गरोदरपणात मात्र अळीव टाळतात.

२) धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागते. म्हणून जेवताना लिंबू पिळावे, पेरू किंवा आवळा खावा. यात खर्च नाही आणि फायदा मोठा आहे.

३) जेवणाबरोबर आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये. चहा लोहाला शरीरात शिरू देत नाही. निदान एक तास जाऊ द्यावा.

४) भाजी लोखंडी कढईत करावी. चिंच-टोमॅटोची आंबट भाजी मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

५) चालत असेल त्यांनी अंडी, मासे, मटण खावे. मासे-मटणातले लोह सर्वांत चांगले अंगी लागते. शाकाहारी मंडळींनी दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण किंवा उसळ आणि दूध-दही ठेवावे.

६) मुलांना वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत दिली जाणारी जंताची गोळी चुकवू नये. शेतात अनवाणी चालू नये. आकडी जंत पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात.

तेलाबद्दल विचाराल, तर खोबरेल तेल केस मऊ ठेवते, तुटण्यापासून काहीसे वाचवते आणि आईच्या हाताने चंपी झाली की झोप छान लागते. ते जरूर लावा. पण तेलातून लोह मुळापर्यंत जात नाही. ते ताटातूनच जावे लागते.

धीर मात्र हवा. उपचार बरोबर असला तरी गळणे कमी व्हायला तीन महिने आणि फरक डोळ्यांना दिसायला सहा महिने लागतात. केस महिन्याला १ सेंटिमीटरच वाढतो. त्याला घाई करता येत नाही. आठवड्यात केस उगवून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे? केसांबरोबर दम, धडधड किंवा चक्कर असेल, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त किंवा डांबरासारखे काळे जात असेल, टाळूवर पू किंवा चकत्या असतील किंवा घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे केस गळू लागले असतील, तर वाट पाहू नये.

आणि आज रात्री एवढे जरूर करा. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते ते पाहा आणि उसळीचे पातेले तिच्यासाठी अर्धे राखून ठेवा.